वाचक विचारतात : जुनी क्यू७ घ्यावी का?

वापरलेल्या युरोपीय सात आसनी गाड्यांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : ऑडी क्यू७, ३.० टीडीआय, २०१६ ची, ८२,००० किमी झालेली गाडी दुसऱ्या मालकाकडून २४ लाखांना मिळते आहे. घरात आई-वडील धरून आम्ही सहा जण. गाडी बाहेरून अगदी नवी दिसते. मित्र म्हणतात, वॉरंटी संपलेली जर्मन गाडी म्हणजे घरी हत्ती बांधणं. घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घेण्यासारखी असू शकते. पण मित्रांची भीती कुठून येते ते आधी समजून घ्या, म्हणजे तपासायचं काय ते नेमकं कळेल.

ही क्यू७ची दुसरी पिढी. डिसेंबर २०१५ मध्ये ती भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ७२ लाखांपासून पुढे होती. जोडणी आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होत होती, पण इंजिन येतं हंगेरीतल्या ग्यॉरहून आणि गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा. गाडीची किंमत एक तृतीयांशावर आली. तिच्या हेडलाइटची, इंजेक्टरची, कॉम्प्रेसरची किंमत मात्र ७२ लाखांच्या गाडीला शोभेल अशीच राहिली आहे. २४ लाखांची गाडी म्हणून दुरुस्तीचा अंदाज बांधणारा माणूस पहिल्याच वर्षी हादरतो, तो यामुळे.

‘गाडी भरवशाची आहे का’ या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. रस्त्यात दगा देईल का, हा पहिला. या गाडीचं व्ही६ डिझेल इंजिन (२४९ अश्वशक्ती, ६०० न्यूटन-मीटर) आणि आठ गिअरांचा ऑटोमॅटिक, दोन्ही दणकट आहेत; वेळेवर तेल बदललं असेल तर सहसा दगा देत नाहीत. बिघडली तर किती बसेल, हा दुसरा. तिथे एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर गाडी तोलणारी रचना), कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) गळती, पुढचे आर्म-बुश (चाक धरणाऱ्या दांड्यांचे रबरी जोड) आणि इलेक्ट्रॉनिक्स ही नावं पुन्हा पुन्हा येतात. तुमची तपासणी यांच्याभोवती फिरली पाहिजे.

गाडी बघायला सकाळीच जा. आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर ती तपासणी त्या दिवशी सोडून द्या आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जा. इंजिन गार असेल आणि गाडीला एअर सस्पेन्शन असेल, तर सुरू करण्याआधी टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजून लिहून घ्या. एकाच धुरीवरच्या डाव्या-उजव्या चाकात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी हवा गळते आहे.

आता बोनेट उघडं ठेवूनच गाडी सुरू करायला सांगा आणि कान काचेच्या बाजूला ठेवा. या इंजिनाच्या टायमिंग चेन (व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायला लावणाऱ्या साखळ्या) पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतात. गार इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खळखळ आली, तर चेन ताणून धरणारा टेन्शनर किंवा चेनच थकली आहे. हे काम करायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी नाकापेक्षा मोती जड. असा आवाज असलेली गाडी, किंमत कितीही खाली आली तरी, आम्ही घेऊ नका म्हणू.

कूलंटची टाकी गार असतानाच उघडा. आतलं पाणी गुलाबी-जांभळं आणि स्वच्छ हवं. तपकिरी, चिकट दिसलं तर कुणीतरी साधं पाणी किंवा दुसऱ्या जातीचं कूलंट ओतत आलं आहे, म्हणजे पातळी सतत उतरत होती. नळ्यांच्या जोडांवर आणि थर्मोस्टॅटच्या आसपास सुकलेली गुलाबी खपली शोधा. थेंब दिसत नसला तरी खपली गळतीची जागा सांगते.

मग गाडी कसारा घाटात न्या, किमान ४० मिनिटं चालवा. तापमानाच्या काट्यावर मात्र विसंबू नका: हा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ९० वरच स्थिर राहील असा बसवलेला असतो, इंजिन थोडं जास्त तापलं तरी तो हलत नाही. खरं तापमान स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) जोडून चालत्या गाडीत बघायचं. गिअरबॉक्स पूर्ण तापल्यावर हळू चालताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसतो का, ते पाहा. झेडएफची स्वतःची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदलण्याची आहे, तरीही ‘हे तेल आयुष्यभराचं’ असं सांगणारे मेकॅनिक सर्रास भेटतात. तुम्ही बघताय त्या गाडीत तेल बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. या कामात प्लॅस्टिकचं चेंबर फिल्टरसकट नवीन येतं आणि तेलाची अंतिम पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना पाहायची असते. तापलेल्या गिअरबॉक्सवर पातळी पाहणाऱ्या गॅरेजकडे हे काम देऊ नका.

स्कॅनर हा तपासणीतला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. नुसतं इंजिन नको, गाडीतली सगळी कंट्रोल युनिट वाचायला सांगा. बिघाडाचे जुने कोड ज्या किमीला नोंदले गेले तो आकडाही त्यात असतो. मीटर ८२,००० दाखवतोय आणि एखाद्या युनिटमध्ये १,१०,००० किमीची नोंद आहे, असं दिसलं की मीटर मागे घेतला आहे. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. ‘कोड पुसल्यापासून किती अंतर’ हाही आकडा निघतो. तो २० किमी निघाला तर काल संध्याकाळीच सगळं पुसून गाडी दाखवायला आणली आहे. आणि एक: कमजोर बॅटरीमुळे डझनभर खोटे कोड येतात, म्हणून गाडी रात्रभर उभी राहिल्यावरचा व्होल्टेज आधी मोजा. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करून मगच कोड वाचा.

८२,००० हा आकडा पाहून बरं वाटतं, पण वर्षाला आठ-नऊ हजार किमी म्हणजे गाडी बहुधा शहरात, छोट्या फेऱ्यांत वापरली गेली. डिझेलला ते मानवत नाही. ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर) पूर्ण तापत नाही. हायवेवर १,२०,००० धावलेली, दर वर्षी सर्व्हिस झालेली गाडी कित्येकदा अशा गाडीपेक्षा चांगली निघते. कंपनीची सर्व्हिस १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल त्यावर असते. म्हणजे तुमच्या गाडीच्या फाइलमध्ये दर वर्षाची एक नोंद हवी. चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये त्या पडताळून घ्या. एखादं वर्ष गायब असेल तर त्या वर्षी गाडी कुठे होती, ते विचारा.

शेवटी लिफ्टवर. पुढच्या आर्मच्या बुशांना पहारीने हलकं रेटून रबर फाटलं आहे का पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावरचा ओलावा बघा. ब्रेक डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याशी ताडून जाडी मोजा.

हे सगळं नीट निघालं तर गाडी घ्या, आणि किमतीच्या १५ टक्के, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास, पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ते बाजूला ठेवता येत नसतील तर ही गाडी सध्या तुमच्या आवाक्यातली नाही. मालक दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासायला देत नसेल, तर मात्र तिथूनच परत फिरा.

प्रश्न : माझ्या क्यू७चा मागचा डावा कोपरा रात्रीतून खाली बसतो. गाडी सुरू केली की मिनिटाभरात वर येते. गॅरेजवाले म्हणतात कॉम्प्रेसर गेला, आणि त्यापेक्षा चारही बाजूंना साध्या कॉइल स्प्रिंग टाका, कायमची कटकट मिटेल. (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाडी वर येते आहे, म्हणजे सस्पेन्शनच्या बॅगांत हवा भरणारा कॉम्प्रेसर अजून जिवंत आहे. गेली आहे ती त्या कोपऱ्याची हवा धरून ठेवण्याची ताकद. पण हे असंच चालू ठेवलं तर कॉम्प्रेसरही जाईल. त्याला दिवसातून काही मोजके सेकंद चालायचं असतं. गळकी बॅग भरत राहायची म्हणजे तो सतत चालतो, तापतो, आतली सील झिजते. मग रिलेचे (त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसर चालू राहून जळतो. म्हणून कॉम्प्रेसर कधी बदललाच तर त्याचा रिलेही त्याच दिवशी बदला.

गळती शोधायचं काम अर्ध्या तासाचं आहे. गाडी सर्वांत उंच स्थितीत घ्या आणि भांड्यांच्या लिक्विडचं दाट पाणी स्प्रेने मारा: आधी बॅगच्या वरच्या नळीच्या जोडावर, मग बॅगच्या खालच्या घडीवर. ही घडी नीट बघा. रबर तिथे आतल्या बाजूला दुमडून पिस्टनवर गुंडाळलेलं असतं आणि गाडी वर-खाली झाली की घडी पुढे-मागे सरकते. रस्त्यावरची रेती तिच्यात अडकून रबराला पॉलिश पेपरसारखी घासते. बारीक, जाळीसारख्या भेगा आणि त्यांतून एकामागून एक येणारे फुगे दिसले की निदान झालं. उंच स्थितीत काही दिसलं नाही तर गाडी नेहमीच्या उंचीवर घेऊन पुन्हा पाहा. घडीची जागा बदलते आणि लपलेली भेग उघडी पडते. दोन्ही वेळा कोरडं निघालं तर संशय बॅगांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर.

बॅग बदलायची तर मागच्या दोन्ही बदला, कारण दोघींचं वय सारखंच आहे. गाडी उचलण्याआधी मेनूमधून जॅक मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर सिस्टीम हवेत असलेल्या चाकांची उंची सावरायला बघते. नवी बॅग बसवल्यावर तिच्यात थोडी हवा भरूनच गाडी जमिनीवर टेकवायची. रिकाम्या बॅगवर दोन टनांच्या गाडीचा भार आला की घडी वेडीवाकडी पडते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी फाटतं. हे घाईत विसरलं जातं आणि दोष मात्र ‘डुप्लिकेट माला’ला जातो. शेवटी स्कॅनरने चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा शिकवा.

कॉइल स्प्रिंगचा सल्ला आम्हाला पटत नाही. सात माणसं आणि सामान भरल्यावर गाडी मागून दबू नये, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, ही कामं ती सिस्टीम करते. ती काढली की डॅशबोर्डवर कायमची चूक दाखवत राहते किंवा कोडिंग बदलून ती दडपावी लागते, आणि पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक तेवढ्यावरच पाडून मागतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गाडी उंच करून घड्या साध्या पाण्याने धुऊन घ्या. तेल, ग्रीस, सिलिकॉन काही लावू नका.

प्रश्न : क्यू७ की व्होल्व्हो एक्ससी९० डी५? दोन्ही २०१६-१७ च्या बघतो आहे. रोजचा वापर ठाण्यातला, महिन्यातून एकदा गावी. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या वापराला आम्ही आधी एक्ससी९० बघायला सांगू. ती ४.९५ मीटर लांब, क्यू७ ५.०५ मीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे १० सेंटिमीटर रोज जाणवतात. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस खरोखर बसू शकतं, हा तिचा दुसरा गुण. इंजिन दोन लिटरचं चार सिलिंडर डिझेल, २२५ अश्वशक्ती, ४७० न्यूटन-मीटर, आठ गिअरांचा आयसिन गिअरबॉक्स. क्यू७च्या व्ही६ची गुळगुळीत ओढ तिच्यात नाही, आणि गाडी पूर्ण भरून घाट चढताना ते कळतं.

या गाडीत काय बघायचं ते वेगळं आहे. चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट किमीने झिजतो तसा वयानेही थकतो, त्यामुळे इतक्या जुन्या गाडीत तो बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप हे काम तुमच्या माथी आलं असं धरा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

मागच्या चाकांना ताकद देणारा हॅल्डेक्स क्लच हे या गाडीचं दुर्लक्षित अंग आहे. त्याच्या पंपावर बारीक जाळी असते. क्लचची झीज तिच्यात साचते, पंप जोर लावून लावून जळतो आणि गाडी गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालायला लागते. कोरड्या रस्त्यावर कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या पावसात ओल्या चढावर पुढची चाकं गरगर फिरली की कळतं. तेल एक लिटरही लागत नाही, पण नुसतं तेल बदलून भागत नाही. पंप काढून जाळी साफ करायची, दर ५०-६० हजार किमीला. चारही टायर सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत अशी जोडी या क्लचला मारते.

तिसरी गोष्ट कागदावरची. जुलै २०१९ मध्ये व्होल्व्होने दोन लिटर डिझेल इंजिनाच्या जगभरातल्या सुमारे ५ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. प्लॅस्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) वितळण्याचा आणि क्वचित आग लागण्याचा धोका होता. चेसिस नंबर देऊन, ही गाडी त्यात होती का आणि काम झालं का, हे अधिकृत वर्कशॉपकडून लेखी घ्या. स्टार्ट-स्टॉपसाठी (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्यासाठी) या गाडीत एक छोटी दुसरी बॅटरीही असते. ती मेली की येणाऱ्या विचित्र सूचना पाहून लोक मोठी बॅटरी बदलतात आणि पैसे वाया घालवतात.

व्होल्व्होची वर्कशॉप ऑडीपेक्षा विरळ आहेत. ठाण्यात त्याचं काही वाटणार नाही. गाव लांब असेल तर मात्र बंद पडलेली गाडी टोइंग करून कुठे न्यावी लागेल, ते आधी बघून ठेवा.

प्रश्न : मर्सिडीज जीएल ३५० सीडीआय, २०१४. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून तेल टिपकतं. मागचं मेन सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचं, तेल अडवणारं कडं) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं आहे. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : गिअरबॉक्सला हात लावू देण्याआधी इंजिनाच्या वर बघायला लावा. चाकणला जोडणी झालेल्या या गाडीत ओएम६४२ हे व्ही६ डिझेल आहे आणि त्याचा ऑइल कूलर (इंजिनाचं तेल थंड करणारा भाग) दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत बसतो. त्याच्या खालची सीलं उष्णतेने कडक होऊन गळतात. तेल खोबणीत साचतं, मागच्या टोकाने ओघळतं आणि बरोबर गिअरबॉक्सच्या सांध्यावरून टिपकतं. खालून पाहणाऱ्याला ते मेन सीलच वाटतं. टर्बोच्या मागून लांब दांड्याचा आरसा किंवा कॅमेरा घालून खोबण बघा. तिथे तेलाचं तळं असेल तर दोष कूलरच्या सीलचा.

कारखान्यातून आलेली जुनी सीलं नारिंगी असत. नंतर आलेली जांभळी, जास्त उष्णता सोसणारी. तीच टाका. वरचं सगळं, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्डसकट, काढावं लागतं. म्हणून त्याच खोलाखोलीत टर्बोच्या हवेच्या तोंडाचं सील आणि इनटेक पोर्टची मोटरही बघून घ्या. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेलं तेल त्या सीलमधून झिरपून नेमकं खालच्या मोटरवर पडतं आणि ती शॉर्ट होते.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१६ ची क्यू७ इथल्यापेक्षा पाच-सहा लाखांनी स्वस्त मिळते आहे. आणावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्वस्त का आहे ते उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल कडक आदेश दिले. तेव्हापासून दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आलेली डिझेल गाडी तिथला मालक घाईने काढतो. गाडीत दोष असेलच असं नाही. खारी हवा न लागल्यामुळे खालचा पत्रा आणि बोल्ट बरेचदा मुंबईच्या गाडीपेक्षा स्वच्छ निघतात.

पण पाच-सहा लाखांतून काय काय वजा होतं ते मांडा. तिथल्या आरटीओची एनओसी (नमुना २८), मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५. त्यानंतर महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा. तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर न लागता गाडीच्या मूळ किमतीवरून निघतो, वयानुसार सूट मिळून. नव्या डिझेल गाडीला २० लाखांच्या वर वैयक्तिक नावावर १५ टक्के दर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर जास्त. ७२ लाखांवरून हिशेब सुरू झाला की सूट धरूनही रक्कम लहान राहत नाही. आकडा आधी तुमच्या आरटीओकडून काढून घ्या, मगच बयाणा द्या. दिल्लीची चलनं बाकी असतील तर एनओसी अडते, ती मालकाकडूनच भरून घ्या.

तपासणीला जाताना लोहचुंबक नेऊ नका, उपयोग नाही. या क्यू७ची दारं, बोनेट, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. चुंबक मुळातच चिकटत नाही आणि लोक घाबरून ‘सगळीकडे पुट्टी आहे’ म्हणतात. रंगाची जाडी मोजणारं, ॲल्युमिनियमवर चालणारं मीटर घ्या. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्याच दारावर ३०० च्या वर दिसलं तर ते दार पुन्हा रंगलं आहे. ॲल्युमिनियमचं काम नीट जमणारे पेंटर-डेंटर कमी, म्हणून त्या दाराच्या कडा, सील आणि फटी बोटाने चाचपून बघा.

प्रश्न : २०१३ ची क्यू७, मोठ्या सनरूफची. पावसात पुढच्या डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं, कुबट वास येतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सनरूफला पाणी येणारच, ते वाहून नेण्यासाठी चारही कोपऱ्यांत नळ्या असतात. कोकणातला पालापाचोळा आणि शेवाळ त्या बुजवतं. सनरूफ उघडून पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकात पेलाभर, सुमारे २०० मिली पाणी सावकाश ओता. मिनिटाभरात ते पुढच्या चाकामागे, दाराच्या बिजागरीच्या आसपास खाली पडलं पाहिजे. साचून राहिलं तर नळी बुजली आहे. कॉम्प्रेसरची हवा मारू नका; नळी खांबाच्या आत जोडातून निसटते आणि मग सगळंच पाणी कार्पेटवर येतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी, टोक गोल करून, हळूहळू आत सरकवा. वायपरखालची जाळी काढून तिथली भोकंही साफ करा.

पाणी न पडताही ओल आली तर एसीची निचऱ्याची नळी बघा. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते हीटरमधून आलेलं कूलंट.

कार्पेट वरून सुकवून भागणार नाही. खाली जाड फोम आहे, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरतो. या गाडीची बॅटरी पुढच्या सीटखाली आणि वायरिंग त्याच तळात. सीट काढून कार्पेट उचला, फोम पूर्ण वाळवा, कनेक्टर उघडून हिरवट बुरशी आली आहे का पाहा.

कोकणात जुनी गाडी घेणाऱ्या इतर वाचकांनीही एक पाहावं. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहून जाते, ती कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीची खोबण बोटाने चाचपा.

प्रश्न : २०१७ च्या क्यू७मध्ये तेल १५,००० ला बदलू की आधी? आणि डिपस्टिकच (तेलाची पातळी पाहायची पट्टी) सापडत नाही. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सोलापूरचा उन्हाळा आणि गावातल्या छोट्या फेऱ्या धरून १०,००० किमी किंवा एक वर्ष. तेल ५डब्ल्यू-३०, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०७ ०० ही मान्यता छापलेली असलेलंच. या तेलाची राख कमी पडते, त्यामुळे डीपीएफ लवकर भरत नाही. फिल्टर धरून सुमारे ८ लिटर लागतं.

डिपस्टिक सापडत नाही कारण ती दिलेलीच नाही. पातळी स्क्रीनवर दिसते, गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी. न भरता पातळी वर गेलेली दिसली तर तेलात डिझेल उतरतं आहे: डीपीएफ साफ होण्याचं काम मध्येच तुटतं आहे. तेव्हा तेल लगेच बदला आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला न्या. नवं तेल भरताना अर्धा लिटर कमी घाला, गाडी फिरवून आणा, स्क्रीनवर मोजा, मग उरलेलं थोडं थोडं घाला.